‘ओआरएस’ छापलं म्हणून ओआरएस होत नाही

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘पारा 45च्या वर गेलाय. औषधाच्या दुकानातून ओआरएसचे टेट्रापॅक आणा, घरात सगळ्यांना रोज एक द्या. पुडीपेक्षा ते बरे, चव असते, ताकद येते. जुलाब लागले तरी हेच द्या. पुडीच असेल तर ग्लासभर पाण्यात घोळा, जितकं घट्ट तितका गुण. ऊन लागलं तरी हाच उपाय.’

ओआरएस म्हणजे जुलाबात शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं मीठ-ग्लुकोजचं द्रावण, आणि पुडी म्हणजे त्याची पाण्यात घोळायची पावडर. पाठवणाऱ्याला काळजी असते, यात शंका नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि ग्लासभर पाण्याचं वाक्य तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

‘औषधाच्या दुकानातला टेट्रापॅक म्हणजे ओआरएस.’ दुकान औषधाचं असलं म्हणून आतली प्रत्येक वस्तू औषध होत नाही. मध्यंतरी नियमातच पळवाट होती: ब्रँडच्या नावात ‘ओआरएस’ घालायची मुभा, फक्त पाकिटावर ‘हे डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) सुचवलेलं ओआरएस नाही’ असं छापायचं. पोर दिवसभर जुलाबाने बेजार असताना ती बारीक ओळ कोण वाचणार? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर 2025मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ही मुभा काढून घेतली. निर्णय योग्यच आहे, फार आधी व्हायला हवा होता. मात्र नावातून अक्षरं गेली म्हणजे पेयातली साखर गेली, असं नाही. त्यामुळे पाकीट उलटून बघायची सवय सुटता कामा नये.

बघायचं काय? खऱ्या पुडीवर इंग्रजीत ‘ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स आय.पी.’ (आय.पी. म्हणजे भारतीय औषधसंहितेप्रमाणे) असं लिहिलेलं असतं आणि औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक दिसला, तर ते खाद्यपेय आहे. तयार द्रावणाच्या रूपातलं खरं ओआरएसही मिळतं, म्हणून टेट्रापॅक दिसला की खोटाच, असंही समजू नये. घटक वाचावेत. एक लिटर द्रावणासाठी मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम, एकूण 20.5 ग्रॅम. हे डब्ल्यूएचओचं 2002पासूनचं प्रमाण आहे.

‘चव असते, ताकद येते.’ ती चव साखरेची. वरच्या हिशेबाने ओआरएसमध्ये 100 मिलीला ग्लुकोज 1.35 ग्रॅम आणि सोडियम सुमारे 172 मिलिग्रॅम असतं. आता हातातल्या पाकिटावरचा पोषणतक्ता बघा. 100 मिलीला साखर 11 ग्रॅम लिहिली असेल, तर ती आठपट झाली. 200 मिलीचा एक पॅक म्हणजे 22 ग्रॅम, चहाचे जवळजवळ साडेचार चमचे. मधुमेह असलेल्या आजोबांना ‘रोज एक’ देणं म्हणजे रोज सरबत पाजणं.

‘जुलाब लागले तरी हाच द्या.’ इथे खरं नुकसान होतं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. ओआरएसचं सगळं काम या जोडीवर चालतं. साखर भरमसाट आणि सोडियम नावापुरतं असेल, तर न शोषलेली साखर आतड्यात राहते आणि शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढते. जुलाब वाढतात, आणि घरच्यांना वाटतं, ‘ओआरएस देऊनही गुण नाही.’

‘घट्ट तितका गुण.’ मुळीच नाही. लिटरची पुडी 250 मिलीच्या ग्लासात घोळली, तर द्रावण चौपट तीव्र होतं. जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं, बाळाला झटके येऊ शकतात. लोट्याने किंवा अंदाजाने मोजू नका. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हे घरातलं सर्वांत भरवशाचं माप. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात अख्खी पुडी. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला, असा भाग पाडू नका, कारण पुडीतले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. कमी लागणार असेल तर 200 मिलीची छोटी पुडी मागा. वरून साखर, दूध, रस, सोडा काही घालायचं नाही. झाकून ठेवा, 24 तासांनी उरलेलं फेकून द्या.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिली, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. झिंक डॉक्टरांना विचारून 14 दिवस. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरायचा नाही.

‘सगळ्यांना रोज एक.’ खरं ओआरएससुद्धा रोजचं पेय नव्हे. एका लिटरमध्ये सुमारे 1,725 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि दिवसाची मर्यादा आहे 2,000. बीपीच्या माणसाने ते विनाकारण प्यायलं, तर जेवणातल्या मिठाला जागाच उरत नाही. जुलाब-उलट्या नाहीत, उन्हात अंगमेहनतीचं कामही नाही, अशा माणसाला माठातलं पाणी, पातळ मठ्ठा, गूळ बेताचा घातलेलं पन्हं पुरतं. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाणही डॉक्टरांनाच विचारा.

आणखी एक, धोरणाबद्दल. खाद्यपेयांच्या लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजी किंवा देवनागरी हिंदीत असला की नियम पूर्ण होतो, मराठीची सक्ती नाही. निदान पुडीवर तरी ‘एक लिटर पाण्यात अख्खी पुडी’ हे मोठ्या अक्षरांत मराठीत हवं, बाटलीच्या चित्रासकट. आणि दुकानदारांनी खरी पुडी फळपेयांच्या रांगेत न ठेवता काउंटरवर वेगळी ठेवावी.

‘ऊन लागलं तरी हाच उपाय.’ थकवा, पेटके, भरपूर घाम, पण माणूस शुद्धीत आहे: सावलीत बसवून ओआरएस घोट-घोट द्यायला हरकत नाही. अंग तापलंय, बोलणं असंबद्ध झालंय, तर तो उष्माघात. 108ला फोन करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि जवळच्या रुग्णालयात न्या. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.