घरटं राखायचं तर पिल्लू स्वतंत्र होईपर्यंत राखा

पश्चिम घाटातलं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणारा केंद्राचा सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये निघाला. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. आपल्याकडचा वाद तेव्हाही, आजही, एकाच गोष्टीवर अडलेला: गाव रेषेच्या आत की बाहेर? रेषेच्या आत जंगल राखण्याचं रोजचं काम कोण करणार आणि त्याला पैसे कोण देणार, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

त्याचं उत्तर इथे फिलिपिन्समध्ये, एका गरुडाच्या राखणीत दिसतं. मराठी मुलं डॉक्टर व्हायला येतात ते दवाओ शहर इथल्या मिंदानाओ बेटावर आहे. फिलिपिनी गरुडाचं संवर्धन केंद्रही इथलंच. २०२३ च्या अंदाजानुसार या गरुडाच्या जेमतेम ३९२ जोड्या उरल्या आहेत. मादी एका खेपेला एकच अंडं घालते. ते उबवायला सुमारे ५८ दिवस लागतात. पिल्लू पाचेक महिन्यांत उडतं, पण पुढे वर्षभराहून जास्त काळ आई-बापांच्याच जीवावर जगतं. म्हणून एक जोडी साधारण दोन वर्षांतून एकदाच वीण करते. मिंदानाओत दोन घरट्यांमधलं अंतर सरासरी १३ किलोमीटर, म्हणजे एका जोडीच्या वाट्याला सुमारे १३३ चौरस किलोमीटर रान. घरट्याचा एक जुना लावान वृक्ष (इथल्या जंगलातलं उंच झाड) पडला तर अख्खी वीण वाया जाऊ शकते.

सगळ्यात मोठी चूक राखणीच्या मुदतीत होते. पिल्लू घरट्यातून उडालं की लोकांना काम संपलं असं वाटतं. खरा धोका तिथूनच सुरू होतो. शिकार नीट न जमलेला तरुण पक्षी रानाच्या कडेला, कोंबड्या-करडांच्या मागावर येतो आणि छऱ्याच्या बंदुकीसमोर किंवा रानडुकरासाठी लावलेल्या फाशात सापडतो. 'पामाना' हा तरुण गरुड जून २०१५ मध्ये हामिगितान डोंगरावर सोडला. दोन महिन्यांत तो गोळी लागून मेलेला सापडला. केंद्रात जन्मलेला 'काबायान' २००४ मध्ये सोडला आणि काही महिन्यांतच विजेच्या खांबावर धक्का बसून मेला. पक्षी सोडण्याचा सोहळा छान दिसतो. पण खालच्या वस्त्या सोबत नसतील तर ते पिल्लू मरणाच्या तोंडी देणं आहे.

जमतं ते असं. फिलिपिन्सच्या १९९७ च्या कायद्याने आदिवासींच्या वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क मान्य झाला आहे, म्हणून त्यांच्या ज्येष्ठांच्या सभेशी बोलल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. त्याच वस्तीतल्या माणसांना मानधनावर वनराखे नेमायचं. घरटं समोरच्या डोंगरधारेवरून, सकाळच्या उन्हात हेरायचं: जोडीच्या घिरट्या, चोचीत किंवा पायात हिरवी डहाळी. अंडं असताना झाडाखाली फिरकायचं नाही. पक्षी उठून गेला तर अंडं गार पडतं. आसपासची तोड थांबवायची, फासे काढून घ्यायचे, कोंबड्या खुराड्यात ठेवायला सांगायचं. आणि हे सारं पिल्लू हद्द सोडेपर्यंत चालू ठेवायचं.

नुसत्या बंदीचं काय होतं तेही इथे दिसतं. २०११ मध्ये नैसर्गिक जंगलातली लाकूडतोड देशभर बंद झाली, पण उतारावर झाडं तोडून, जाळून केलेली शेती थांबली नाही. ज्याला दुसरं पीक नाही, त्याला आदेशाने पोट भरता येत नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे. समुद्री गरुड कुणाच्या तरी मालकीच्या थोराड झाडावर घरटं करतो. लाकडाचा ठेकेदार रोख पैसे घेऊन दारात उभा राहतो. झाड राखणाऱ्याला मात्र सहसा काहीच मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: रेषा हवी, पण सोबत घरट्यामागे मानधन हवं. अर्धी रक्कम अंडं दिसल्यावर, उरलेली पिल्लू स्वतंत्र झाल्यावर. आणि ही रक्कम त्या झाडाच्या लाकडाच्या भावाशी जोडलेली, नाहीतर ठेकेदारच जिंकेल. कुणाला किती, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरावं. कॅम्पाचा, म्हणजे जंगलजमीन वळवल्याच्या भरपाईतून जमणारा निधी बराचसा नवी रोपं लावण्यावर खर्च होतो. त्यातला एक वाटा उभं झाड राखणाऱ्याच्या खात्यात जायला हवा.