नासक्या अंड्याचा चांगला भाग कुठला?

'क्युरेट्स एग' (क्युरेटचं अंडं) या इंग्रजी वाक्प्रचाराचा रूढ अर्थ चूक आहे असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची हरकत वाचली. 'क्युरेट्स एग' म्हणजे थोडी बरी, थोडी वाईट अशी गोष्ट, मूळ अर्थही हाच, ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही तेच आहे, मग 'हा अर्थ चूक' हा शहाणपणा कशाला? शिवाय मराठीत 'संमिश्र' असताना हे अंडं हवंच कशाला?

शब्दकोशाचं तुमचं बरोबर आहे. आज इंग्रजीत हाच अर्थ चालतो. इतकी वर्षं लोक तसं बोलतायत, तर त्यांना चूक ठरवणारा मी कोण? तो शब्द मागे घेतो. पण 'मूळ अर्थही हाच' हे तुमचं वाक्य काही मला पटत नाही.

हा वाक्प्रचार आला एका व्यंगचित्रातून. ते 'पंच' या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकाच्या 9 नोव्हेंबर 1895 च्या अंकातलं, जॉर्ज द्यु मॉरिए यांचं. (त्याच वर्षी मे महिन्यात 'जूडी' या तसल्याच दुसऱ्या साप्ताहिकात जवळपास हाच विनोद येऊन गेला होता, पण नाव झालं 'पंच'चं.) बिशपच्या घरी न्याहारी चाललीय. क्युरेट म्हणजे चर्चमधला हाताखालचा पाद्री, वरच्यांची मर्जी सांभाळून राहणारा. बिशप स्वतःच म्हणतात, तुमच्या वाट्याला खराब अंडं आलेलं दिसतंय. यजमानच कबूल करतोय म्हटल्यावर चमचा खाली ठेवायला काय झालं होतं? पण हा म्हणतो, छे छे महाराज, याचे काही भाग तर उत्कृष्ट आहेत! चित्राचं शीर्षक 'ट्रू ह्युमिलिटी', खरी विनम्रता.

आमची आई ऑम्लेटसाठी प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून बघायची. एकदा मी घाईघाईत पाच अंडी सरळ पातेल्यात फोडली आणि पाचवं नासकं निघालं. चार चांगल्या अंड्यांसकट सगळं मोरीत गेलं, आणि वास संध्याकाळपर्यंत हटला नाही. नासक्या अंड्याला चांगला भाग नसतोच. तो आहे असं क्युरेट तोंड वाकडं न करता सांगतो, म्हणून हसू येतं. तुमचा अर्थ धरला तर बिचारा खरंच बोलतोय. मग त्यात विनोद कुठला?

पुढे लोकांच्या तोंडी 'काही भाग उत्कृष्ट' एवढंच राहिलं आणि वास उडून गेला. 'पंच'वाले मात्र विसरले नव्हते. 1992 साली साप्ताहिक बंद पडलं तेव्हा शेवटच्या अंकात त्यांनी तेच चित्र पुन्हा छापलं. या खेपेला क्युरेट एक सणसणीत शिवी हासडून अंडं नासलंय म्हणतो.

राहिला 'संमिश्र'. तुमच्या अर्थाला तो अगदी चपखल बसतो, खुशाल वापरा. पण नाटक साफ पडलेलं असतं, मध्यंतरात चहाच्या रांगेत नेमका लेखकच समोर येतो आणि आपण म्हणतो, "नेपथ्य काय सुंदर आहे हो!" त्या वाक्यासाठी मला हे अंडं हवंय.