इशाऱ्यापासून स्वतःचा बचाव कसा करावा

पूर, दरड, वीज, वादळ यांपासून बचाव कसा करायचा हे सांगणारी माहितीपत्रकं सरकारी कपाटांत गठ्ठ्यांनी पडलेली असतात. पण या सगळ्यांच्या आधी जो येतो, त्या इशाऱ्यापासून बचाव कसा करायचा हे कोणीच सांगत नाही. आपत्ती कधीमधी येते, इशारा पावसाळ्यात रोज येतो. तेव्हा आधी तयारी कशाची करायची ते तुम्हीच ठरवा.

सुरुवात फोनपासून. २०२३ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात दूरसंचार विभागाने देशभर आणीबाणीच्या इशाऱ्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. सायलेंटवर ठेवलेला फोन भर मीटिंगमध्ये केकाटला आणि साहेबांसकट सगळे खिसे चाचपू लागले, ती वेळ आठवत असेल. या तंत्राला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस एकेका नंबरला जातो, त्यामुळे लाखो लोकांना एकदम पाठवायचा तर रांग लागते, आणि पाणी काही रांगेत थांबत नाही. सेल ब्रॉडकास्टला तुमचा नंबर लागतच नाही. ठरलेल्या भागातले टॉवर एकदाच बोलतात आणि त्यांच्या टप्प्यातला प्रत्येक फोन ते ऐकतो, फोनच्या लाइनी तुंबलेल्या असल्या तरी. म्हणजे गाठल्याशिवाय सोडायचंच नाही असा बेत. सुदैवाने सेटिंगमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' नावाचं एक बटण असतं. ते शोधून बंद करा. सापडत नसेल तर घरातल्या आठवीतल्या मुलाला विचारा, त्याने ते चाचणीच्या दिवशीच बंद केलेलं असेल. यात नियमभंग वगैरे काही नाही. नंतरच्या चाचणी-संदेशांत स्वच्छ लिहिलं होतं की याकडे दुर्लक्ष करा, तुम्ही काहीही करण्याची गरज नाही. कोट्यवधी लोकांना इशाऱ्याचा पहिला धडा मिळाला तो हा, आणि आपण तो मन लावून शिकलो.

त्यातली एक चाचणी २० जुलैला सकाळी झाली. महाराष्ट्रात अनेकांच्या फोनवर तो 'गंभीर' शिक्क्याचा इशारा वाजला, तेव्हा खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळून एक रात्र उलटली होती आणि बचावपथकं चिखलातून पायी वर चढत होती, कारण वाडीला गाडीरस्ता नव्हता. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं, असं सरकारने सांगितलं. तेव्हा डोंगराच्या कुशीत राहायचं असेल तर आधी यादी मागवा. नाव नसेल तर निश्चिंत झोपा, आणि जमलं तर यादीची एक प्रत डोंगरालाही देऊन ठेवा. शिवाय गाव शक्यतो एसटीच्या रस्त्यावर असू द्या. २०१४ मध्ये ३० जुलैला माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली, तेव्हा बाहेरच्या जगाला ते कळलं सकाळच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकामुळे. रोजच्या जागी त्याला गाव दिसलं नाही. देशाचे उपग्रह आकाशात होते, पण गाव गेल्याची खबर एसटीने आणली.

आता रंगांकडे वळू. हवामान खात्याच्या हिशोबात पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. कृती कोणती आणि कोणी करायची, हा ज्याचा त्याचा वैयक्तिक प्रश्न. लाल रंगाच्या दिवशी 'अत्यावश्यक कामाशिवाय घराबाहेर पडू नका' असं सांगतात, पण आपलं ऑफिस अत्यावश्यक आहे की नाही हे ऑफिसला विचारण्याची हिंमत ज्याच्यात असेल त्याला पावसाची भीती कशाला वाटेल? मुलांच्या शाळेबाबत घाई करू नका. पोर व्हॅनमध्ये बसून निम्म्या वाटेवर गेलं की मग फोन पाहा. जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी तेव्हाच आलेली असते.

रंगावर विश्वास कसा उडवायचा, याची पद्धतही सोपी आहे. पाऊस मुळातच लहरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. एका शहराची ही तऱ्हा, मग एवढ्या मोठ्या जिल्ह्याला एकच रंग फासला की निम्म्या लोकांना तो खोटा वाटणारच. (हल्ली घाटमाथ्याला वेगळा रंग देतात. सुधारणा मान्य, पण आमच्या कामात अडथळा.) कोरड्या राहिलेल्या निम्म्यांत तुम्ही असाल तर गच्चीवर जाऊन निरभ्र आकाशाचा फोटो काढा आणि 'हाच का तो रेड अलर्ट?' असं लिहून ग्रुपवर टाका. चार वेळा टाकलात की पाचव्या वेळी ग्रुपमधलं कोणीही हलणार नाही.

नदीकाठी राहणाऱ्यांसाठी खास भाषा आहे. धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या घरात पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे लोक उठले ते थेट पाण्यात. सूचनाच मिळाली नाही, असं रहिवासी सांगत होते. पण समजा मिळाली असती, तरी एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, त्या हिशोबाने सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर, आणि त्यातलं पाणी आपल्या पार्किंगमध्ये किती वाजता शिरेल, पहिल्या मजल्याची कितवी पायरी गाठेल, गाडी आत्ता काढावी की दूध आणून मग, हे गणित तुम्ही अंथरुणात बसून करायचं. अभियंता असाल तर शेजाऱ्यांनाही मदत करा.

या बाबतीत कोल्हापूर-सांगलीकरांचा आदर्श मुळीच ठेवू नका, ते लोक वाया गेलेले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळीला आणि ४३ फुटांना धोका पातळीला येते, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५, हे तिथल्या चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल. सुतारवाड्यातल्या बायका फुटांचा आकडा ऐकून सामान माळ्यावर चढवायला घेतात. आकड्याला गल्ली जोडलेली असली की इशारा लगेच समजतो, आणि समजला की माणूस हलतो. असाच बिघाड पुणे, नगर, नाशिककडच्या काही गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणेने केला आहे. एकाने ठरलेल्या नंबरवर फोन करून काय झालं ते बोलायचं, आणि त्याचाच आवाज गावातल्या सगळ्यांच्या फोनवर वाजतो. बिबट्या कोणाच्या उसात शिरला, चोर कुठल्या वस्तीकडे पळाले, सगळं गावच्या बोलीत आणि ओळखीच्या आवाजात. 'सतर्क राहावे' हे शब्दही नसतात त्यात. लोक थेट काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. अशा गावात इशारा चुकवणं जवळपास अशक्य, तेव्हा तिथे जमीन घेताना विचार करा.

भोंग्यांची काळजी नको. ७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलला मुंबई, उरण, तारापूर, मनमाड अशा ठिकाणी नागरी संरक्षण दलाची कपाटं उघडली आणि अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा भोंगा ऐकला. पुढच्या दोन-तीन दिवसांत तो इतक्या वेळा ऐकायला मिळाला की कान विटले, कारण वृत्तवाहिन्या दर बातमीच्या मागे तोच वाजवत होत्या. शेवटी सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नका, खरा वाजेल तेव्हा लोकांना कळणार नाही. ही वाहिन्यांची सेवा आपण विसरता कामा नये. पुढे कधी भोंगा ऐकू आला तर आधी टीव्हीचा आवाज कमी करा. तरीही ऐकू येत असेल तर वाहिनी बदला.

वाचकांत कोणी इशारा पाठवणाऱ्या खुर्चीत बसणारे असतील, तर त्यांच्यासाठी अमेरिकेच्या हवाई राज्याचं उदाहरण आहे. १३ जानेवारी २०१८ ला सकाळी तिथल्या सगळ्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला, ही चाचणी नव्हे असं बजावून. इशारा चुकीचा होता. तसं सांगणारा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटं लागली, आणि राज्यपालांनी नंतर कबूल केलं की त्यांना स्वतःच्या ट्विटर खात्यात शिरायचा पासवर्ड आठवत नव्हता. आपल्याकडे असं होणार नाही. आपल्याकडे पासवर्ड पीएंकडे असतो, आणि पीए दौऱ्यावर.

खुर्चीतल्यांनी एवढंच पाहावं की संदेश पाठवल्याची वेळ नोंदलेली आहे. तो कोणाला पोचला, कोणाला समजला, कोण हलला, असे रकाने अहवालात नसतात, त्यामुळे ते भरायचेही नसतात. 'पूर्वसूचना देण्यात आली होती' हे वाक्य आधीच टाइप करून ठेवलं तर पाणी ओसरल्यावर धावपळ होत नाही.

पाणी ओसरल्यावर तुम्ही मात्र फोन चार्ज करून खिशात ठेवा. पंचनाम्याला तलाठी येतील, चिखलाच्या रेषेपाशी तुम्हाला उभं करून फोटो काढतील, आणि नुकसानभरपाईच्या यादीत नाव आहे की नाही ते कळवणारा एसएमएस येईल. तो रांगेत असेल, वाट पाहा.