साहेब नाराज आहेत, हळू बोला

एखाद्या आमदाराच्या ऑफिसात तुम्ही नुकतेच पीए म्हणून चिकटला असाल, तर अभिनंदन. लेटरहेड, शिक्के, मतदारयाद्या हे सगळं शिपाईसुद्धा शिकवील. खरी नोकरी आहे ती साहेबांचं मन सांभाळण्याची, आणि ती कुणी शिकवत नाही.

आधी आजार ओळखा. चिंता, नैराश्य असली दुखणी आपल्यासारख्यांची. राजकारणात एकच दुखणं, नाराजी. फोन 'नॉट रीचेबल' होतो, बैठकीला दांडी पडते, स्टेटसला सूचक शेर झळकतो. आणि पत्रकारांसमोर 'मी अजिबात नाराज नाही' असं साहेब स्वतःहून म्हणाले, की दुखणं हाडीमासी भिनलं समजा.

या दुखण्याचं मूळ राज्यघटनेतच आहे. २००३ सालच्या ९१व्या दुरुस्तीनं मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांचं कुंपण घातलं. २८८ आमदारांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसकट खुर्च्या किती, तर ४३. २०२४ मध्ये सत्तेतल्या तीन मोठ्या पक्षांचेच २३० निवडून आले, वर विधान परिषदेवाले वाटेकरी. उरलेल्यांनी शपथविधीसाठी शिवलेली जाकिटं कुठल्या लग्नात घालायची, याचा विचार दुरुस्ती करताना कुणीच केला नाही.

उपचार मात्र आपल्याकडे पुष्कळ आहेत. हवापालट सगळ्यात गुणकारी. जून २०२२ मध्ये अनेक रुग्ण आधी सुरतला आणि तिथून गुवाहाटीला गेले. सांगोल्याच्या आमदारांनी तर फोनवरच 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' असा प्रकृतीचा अहवाल दिला. सरकार गेलं, तब्येती सुधारल्या. एवढ्या लांब जायचं नसेल तर गावी जावं. २०२४ च्या निकालानंतर एकनाथराव शिंदे दरे गावी गेले, तेव्हा अख्ख्या राज्याला त्या गावाचा रस्ता पाठ झाला. छगन भुजबळांना डिसेंबरात मंत्रिपद मिळालं नाही, मे २०२५ मध्ये मिळालं. चेहऱ्यावरचं तेज सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. औषध एकच, मात्रा योग्य हवी. महामंडळ दिलं तर तात्पुरता आराम पडतो, पण लाल दिव्याची आठवण काढली की पुन्हा कळ येते.

राग मनात कोंडू नये, हेही डॉक्टर सांगतातच. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात वरण खराब निघालं म्हणून एका आमदारांनी कँटीनच्या कर्मचाऱ्याला बुक्के लगावून मन मोकळं केलं. त्या कर्मचाऱ्याच्या मनाचं काय झालं, ते विचारू नका. तो विषय आपल्या खात्यात येत नाही.

आता तुमचं काम. साहेबांच्या मनाला सगळ्यात मोठी इजा फ्लेक्समुळे होते. कुणाच्याही वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला जाण्याआधी रात्री साडेअकराला दुकानात जाऊन बसा. वरच्या गोलांतले श्रेष्ठी बरोबर आहेत ना, सध्या आपण ज्या पक्षात आहोत त्याच पक्षाचे आहेत ना, ते आधी बघा. मग साहेबांचा चेहरा जिल्हाध्यक्षांच्या चेहऱ्यापेक्षा बोटभर तरी मोठा करून घ्या. जिल्हाध्यक्षांचा पीए शेजारच्या खुर्चीवर याच कामाला बसलेला असेल. त्याला चहा पाजा, पण माऊसला हात लावू देऊ नका.

दोन्ही फोन चालू ठेवा. पहाटे कुणाची तरी विजेची डीपी जळालेली असते, कुणाच्या पेशंटला बेड हवा असतो, कुणाला बदली हवी असते आणि कुणाला नको असते. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य पहाटे साडेपाचलाही बिनदिक्कत म्हणता आलं पाहिजे. काम झालं तर ते साहेबांनी केलेलं असतं, अडकलं तर पीएनं अडवलेलं असतं. याची सवय लवकर लावून घ्या. कुणाच्या दहाव्याला जायचं राहिलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ते तुमच्याच खाती जमा.

स्वतःच्या मनाचं काय? सुट्टी मागायची असेल तर साहेब सत्तेत असताना मागू नका, कामं फार असतात. विरोधात असताना तर मुळीच मागू नका, तुम्ही पलीकडे चाललात असं वाटतं. ड्रायव्हरशी गप्पा मारा, तो सगळं ऐकतो. मात्र त्यानं ऐकलेलं सगळं तुम्हीही एक दिवस ऐकणार आहात, हे ध्यानात असू द्या.

तरीही अगदीच असह्य झालं तर सरकारची 'टेली मानस' ही हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतून. ओळखीतल्या एका जुन्या पीएला मी हा नंबर दिला. त्यानं लगेच खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "लाइन बिझी लागली तर कुणाच्या नावानं पत्र द्यायचं?"