दलदलीतला वायू आणि हवाई दलाचं उत्तर

अमेरिकन हवाई दलाने परग्रहावरची यानं कुठल्या तरी गोदामात दडवली आहेत, असं मानणाऱ्यांतला मी नाही. पण या विषयात तिथल्या लोकांचा हवाई दलावरचा विश्वास उडाला, त्याला हवाई दलच कारणीभूत आहे, हे माझं स्पष्ट मत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५२ पासून १९६९ पर्यंत ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरून हवाई दलाचं 'प्रोजेक्ट ब्लू बुक' चालायचं. आकाशात काही विचित्र दिसलं की शेतकऱ्यापासून वैमानिकापर्यंत सगळ्यांच्या तक्रारी तिथे यायच्या, आणि त्या तपासायला मोजकीच माणसं. ब्लू बुकच्या आधीच्या तपासांतल्या धरून, १९४७ पासूनच्या सगळ्या मिळून १२,६१८ नोंदी झाल्या. त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. बाकीच्या बहुतेकांची उत्तरं साधी होती: ग्रह, उल्का, फुगे, विमानं. यात मला काही काळंबेरं दिसत नाही. शुक्र क्षितिजाजवळ असला की भल्याभल्यांना फसवतो.

गडबड झाली ती मार्च १९६६ मध्ये, मिशिगनमध्ये. डेक्स्टरजवळ दलदलीच्या भागात लोकांनी आणि पोलिसांनीही दिवे बघितले. लगेच दुसऱ्या रात्री हिल्सडेल कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलींना तसेच दिवे दिसले. ब्लू बुकचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक तिकडे गेले आणि आठवड्याच्या आत डेट्रॉइटला पत्रकार परिषद झाली. हायनेक म्हणाले, या दोन प्रसंगांमागे दलदलीतला वायू (कुजणाऱ्या वनस्पतींतून निघणारा, कधी पेटून उजळणारा) असू शकतो. त्यांनी शक्यता सांगितली, पेपरांनी निकाल छापला. देशभर टिंगल झाली. मिशिगनचेच खासदार जेराल्ड फोर्ड (हो, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच) चिडले आणि त्यांनी संसदीय चौकशी मागितली. एप्रिलमध्ये सुनावणीही झाली.

आता वायूचं स्पष्टीकरण कदाचित बरोबरही असेल. माझा आक्षेप घाईला आहे. कॅमेरे समोर आहेत म्हणून आठवड्याच्या आत उत्तर द्यायलाच हवं होतं का? 'अजून तपास चालू आहे' म्हणायला काय जात होतं?

पण खरी गोम यू-टू विमानांत आहे. १९५५ पासून ही हेरगिरीची विमानं साठ हजार फुटांच्याही वर उडू लागली. तेव्हाची प्रवासी विमानं त्यांच्या कितीतरी खाली असायची. खाली संधिप्रकाश आणि वर चंदेरी पंखांवर ऊन, त्यामुळे वैमानिकांना आगीचा गोळा दिसायचा. तक्रार आली की ब्लू बुकवाले सीआयएकडून उड्डाणांच्या नोंदी पडताळून घ्यायचे. म्हणजे उत्तर हातात असायचं, पण तक्रार करणाऱ्याला ते सांगायची सोय नव्हती. हे सीआयएने स्वतःच्याच इतिहासात लिहिलंय. त्या काळातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी अशा गुप्त विमानांच्या होत्या, हा त्यांचा दावा मला फुगवलेला वाटतो. पण थोड्या जरी असल्या, तरी ज्याच्याकडे गुपित आहे त्याच्याकडेच तपास, हा प्रकार म्हणजे कुंपणानेच शेत राखायचं आणि खायचंही.

मुळात लष्कराला एकच गोष्ट कळून हवी असते: यापासून धोका आहे का? नाही म्हटलं की त्यांचं काम संपलं. बघणाऱ्याला मात्र आपण नेमकं काय बघितलं ते हवं असतं. हवाई दलासाठी कोलोरॅडो विद्यापीठात हा विषय तपासणाऱ्या, भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्या समितीने पुढच्या अभ्यासातून विज्ञानाला फारसं काही मिळणार नाही, असा अहवाल दिला आणि डिसेंबर १९६९ मध्ये ब्लू बुक बंद झालं. हायनेकनी मात्र १९७३ मध्ये याच विषयाचं स्वतःचं अभ्यास केंद्र काढलं. लष्करी पगारावर वर्षानुवर्षं अशा तक्रारींबाबत शंकेखोर राहिलेला माणूस!

आपल्याकडे २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलं. व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते आठवत असेलच. पण कडं तपासायला इस्रोचे शास्त्रज्ञ आले, आणि चिनी रॉकेटचा अवशेष असावा ही चर्चा उघडपणे झाली. कुणी गणवेशातला माणूस 'काळजीचं कारण नाही' एवढंच सांगून निघून गेला असता, तर आजही लाडबोरीत चर्चा वेगळीच असती.

पेंटागॉनने २०२२ मध्ये आकाशात दिसणाऱ्या अशा विचित्र गोष्टींच्या तपासासाठी पुन्हा नवीन कार्यालय उघडलंय. पुढच्या वर्षी त्यांच्या वेबसाइटवर माहिती द्यायचा फॉर्म आला, तोही फक्त आजी-माजी सरकारी कर्मचारी, सैनिक आणि कंत्राटदारांसाठी.