खुलासा : जुन्या जावा मोटारसायकलला नुसती १२ व्होल्टची बॅटरी लावू नका

दर्यापूर-अकोट भागातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : '६ व्होल्टच्या जुन्या जावाला १२ ची बॅटरी लावा, लाइट लख्ख पडेल.' हे चूक आहे. त्या गाडीचा रेग्युलेटर (व्होल्टवर ताबा ठेवणारा भाग) साधारण ७ व्होल्टच्या वर डायनामोला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला, जाऊच देत नाही, मग १२ ची बॅटरी चार्ज कशी होणार? वर बल्ब उडतात आणि इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) तापून जळते. जुनी कॉइल आता शोधून बघा, म्हणजे ती मिळणं किती अवघड आहे ते कळेल.

लाइट मंद असण्यामागे बहुतेक वेळा खराब अर्थिंग असतं, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे करंट परत नेणारी जोडणी. आपल्याकडचा काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात अर्थच्या बोल्टखाली जाऊन बसतो, तिथे गंज धरतो. ६ पैकी १ व्होल्ट तिथेच अडला तरी बल्बची पॉवर साधारण ३० टक्के घटते. हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं बल्ब होल्डरच्या बॉडीला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर बोल्ट खोला, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, आवळून वरून ग्रीस लावा.

१२ व्होल्ट करायचंच असेल तर चार्जिंग, कॉइल, हॉर्न, सगळे बल्ब बदलावे लागतात. मेसेज ज्यांना पाठवला, त्यांना हेही कळवा.