‘ऑटोवर ठेवा, सॉफ्टवेअर बघून घेईल’? नाही घेत

पॅनोरमाबद्दल, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेल्या एका रुंद फोटोबद्दल, ड्रोनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘पॅनोरमाला एक्स्पोजर ऑटोवरच ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटो बरोबर येतो. उजेडातला फरक सॉफ्टवेअर जुळवतं. जोडण्याआधी प्रत्येक फोटोला ऑटो करेक्शन मारा, सांधे दिसलेच तर क्लोन करा.’ (एक्स्पोजर म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते; क्लोन म्हणजे फोटोतलाच दुसरा तुकडा उचलून खराब जागी चिकटवणं.) नव्याने ड्रोन घेतलेली मुलं हे मनावर घेतात आणि लांबच्या ठिकाणी जाऊन काढलेले फोटो वाया जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

प्रत्येक फोटो बरोबर येतो, हे सुटा फोटो बघितला तरच. संध्याकाळी घाटमाथ्यावर ड्रोन उभा करा. कोकणाकडे तोंड केलं की सूर्य चौकटीत येतो आणि कॅमेरा शटरचा वेग वाढवतो. उलट फिरलं की सावलीतलं पठार बघून कमी करतो. मग दोन शेजारच्या फोटोंत एकच डोंगर इथे काळपट, तिथे फिकट. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा तोल, तोही ऑटोवर असेल तर इथे निळसर, तिथे पिवळट.

सॉफ्टवेअर जुळवतं, हे अर्धं खरं आहे. हगिन किंवा पीटीगुई ही फोटो जोडणारी सॉफ्टवेअरं फोटोंच्या सामाईक भागावरून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्समधला फरक हिशेबाने काढतात, आणि चांगला काढतात. पण हिशेब नोंदलेल्या उजेडावर चालतो. जिथे ढग जळून थेट 255 वर, म्हणजे उजेडाच्या सर्वांत वरच्या पायरीवर, टेकला, तिथे ढगाचा आकारच नोंदलेला नाही. कितीही खाली ओढा, राखाडी डाग मिळेल. नेहमीच्या जेपीईजी फाइलीत प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या असतात, त्यामुळे सावली दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उचलली की आकाशात पट्टे आणि झाडीत चिखल.

म्हणून शटर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने बांधून टाका, फोटो डीएनजीत, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद ठेवणाऱ्या फाइलीत, घ्या. मोजमाप सर्वांत उजळ दिशेला करा, खुद्द सूर्यबिंब सोडून. अंधारी बाजू अंधारी येऊ द्या, डीएनजीत ती बरीच उचलता येते. फरक फारच असेल तर प्रत्येक दिशेला तीन-तीन ब्रॅकेट, म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो. मात्र चहूबाजूंचं दाखवणाऱ्या पूर्ण गोलाच्या 26 फोटोंचे मग 78 होतात, आणि तेवढ्यात ढग सरकतात, बॅटरी उतरते. मी स्वतः मावळतीला ब्रॅकेट टाळतो.

प्रत्येक फोटोला वेगळं ऑटो करेक्शन मारणं तर सरळ चूक आहे. उड्डाणात बांधलेलं एक्स्पोजर तुम्ही टेबलावर बसून सोडवता. एका फोटोवर दुरुस्ती करा आणि तीच जशीच्या तशी सगळ्यांवर उतरवा. त्यात लेन्सच्या कोपऱ्यांतला काळोख, म्हणजे व्हिनेटिंग, आधी काढा. निळ्या आकाशात दिसणारे उभे गडद पट्टे बहुतेकदा त्याचेच असतात, आणि लोक एक्स्पोजरला दोष देत बसतात.

राहिले तुटलेले सांधे. वाऱ्यात ड्रोन मीटर-दीड मीटर सहज सरकतो. दूरच्या डोंगराला त्याने काही होत नाही, पण खाली दहा मीटरवर देवळाचा कळस असेल तर तो दोन फोटोंत दोन जागी उभा राहतो. क्लोन करून तो सरळ दिसेल, पण मागचं छप्पर वाकडंच राहील. हगिनमध्ये त्या दोन फोटोंचे कंट्रोल पॉइंट (दोन्ही फोटोंतली एकच जागा दाखवणाऱ्या खुणा) उघडा, कळसावरचे पुसा, दूरच्या कड्यांवर हाताने नवे द्या, आणि मास्क लावून, म्हणजे दुसऱ्या फोटोतला तो भाग झाकून, अख्खा कळस एकाच फोटोतून घ्या.